रुपाबाईंच्या तोंडचं वाक्य

३ नोव्हेंबर
अहवाल छापून आला! गुळगुळीत कागद, हिरवं मुखपृष्ठ, वर 'शाश्वत विकासाची आमची वाटचाल'. सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्याची कसली आलीय वाटचाल! पण अनुप सरांना हा शब्द फार आवडतो.

पान अकरा माझं. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरच्या रुपाबाई, हातात पाण्याचा तांब्या, आणि खाली त्यांचे उद्गार — "कारखाना आला, तरी आमच्या विहिरीचं पाणी गोडच आहे. पाहुण्यांनाही तेच देतो."

त्या असं बोलल्या नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, मी प्यायले, गोड लागलं. वाक्य मी केलं. सर म्हणाले, "शाजिया, असं जिवंत लिहायचं!" मी दिवसभर हवेत होते.

अब्बांना फक्त फोटो दाखवला. मराठी वाचता येत नाही त्यांना, म्हणून तर ही वही बिनधास्त पडलेली असते.

११ नोव्हेंबर
कारखान्याविरुद्ध प्रदूषण मंडळाकडे तक्रार गेलीय. मागच्या नाल्यातलं पाणी तांड्याच्या विहिरीत उतरतं म्हणे, वास येतो. तक्रारदार — रुपाबाई! काही कळेना.

१२ नोव्हेंबर
अहवालाची प्रत द्यायच्या निमित्तानं तांड्यावर गेले. कशाला गेले!

"विहिरीचं? ते आमी ढोरायले बी पाजत नाही, बाई. पाहुण्याले कसं देऊ? तुमी येनार म्हून जार आनला व्हता इकत."

म्हणजे मी जारचं पाणी प्यायले आणि विहिरीचे गोडवे गायले. पान अकरा वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मी कवा म्हनलं हे?" एवढंच. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर
सरांनी तक्रारीच्या उत्तराला पान अकराच जोडलं! "बाई स्वतःच म्हणते पाणी गोड आहे. विषय संपला."

म्हटलं, सर, ते वाक्य माझं आहे. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "मग खोटं तू लिहिलंस. कंपनीनं तुला ठेवायचं कशाला?" आवाज चढवला नाही. पेढा देतात तशा सुरात बोलले.

अब्बांना सुईत दोरा दिसेनासा झाला तेव्हापासून शिलाईचं दुकान बंद. धाकट्या बहिणीचं, नमराचं नर्सिंगचं एक वर्ष बाकी. मी कुठे जाऊ?

१५ नोव्हेंबर
आज 'जलसंवर्धन — आमची बांधिलकी' लिहिलं. दोन पानं.

२० नोव्हेंबर
राहवलं नाही. पुन्हा तांड्यावर. रुपाबाईंना सगळं सांगितलं — मंगळवारच्या सुनावणीत तुमचंच वाक्य तुमच्यावर उलटवणार आहेत. त्या चूल फुंकत होत्या.

"तू खरं सांगतलं तं तुह्यं काय होईन?"

"नोकरी जाईल."

"घरी कमावनारं कोन हाय?"

"मीच."

त्यांनी फुंकणी बाजूला ठेवली. चहा दिला. त्याचं पाणी कुठलं, विचारायची हिंमत झाली नाही. निघताना म्हटलं, मावशी, मी उभी राहून सांगणार. त्यांनी नुसती मान हलवली.

२४ नोव्हेंबर
कागद तयार आहे. चार ओळी. 'सदर वाक्य माझे आहे, रुपाबाई यांचे नाही.' तीनदा फाडला, चौथ्यांदा सही केली. अब्बा म्हणाले, "इतना क्या लिख रही बेटा?" म्हटलं, ऑफिस का काम है.

भीती वाटते. खूप.

२५ नोव्हेंबर
सुनावणीत अधिकाऱ्यांनी पान अकरा पुढे केलं. "हे तुम्ही बोललात?" रुपाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये हात घातला होता, कागद बोटांना लागलाही होता.

"हो. मीच बोलली, साहेब. पानी गोड हाय. तक्रार वापस घेतो."

मी हात बाहेर काढला. रिकामा.