पिठल्याच्या आशेने केदारनाथ

लोहारा, यवतमाळ
बुधवार

आदरणीय व्याही फुलसिंगजी यांना भावसिंगचा जय सेवालाल. सोबत केदारबाबाचा प्रसाद पाठवला आहे (मुंग्या लागण्याआधी वाटून टाका). तुमची शुगर, विहीणबाईंची कंबर आणि आमची रंजिता, तिघी ठीक असतील अशी आशा करतो. लेक तुमच्या ढाणकीला दिल्यापासून तिकडून नुसतं वारं आलं तरी मी टोपी सरळ करतो, म्हणून हे पत्रही जपूनच लिहीत आहे. मोबाइलवर लिहिलं असतं, पण फॅमिली ग्रुपवर दोन्हीकडचे तांडे आहेत, आणि आमचे जावई राजकुमार कोणतीही गोष्ट वाचायच्या आधी पुढे पाठवतात. तेव्हा ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती देतो.

यात्रेहून परवाच आलो, पण घाटंजीला तांड्यावर न जाता आम्ही दोघं बादलच्या इथल्या खोलीवर थांबलो आहोत (एमआयडीसीतल्या नोकरीसाठी पोराने घेतलेली). कारण पाय. जिना मी उलटा, देवाकडे तोंड करून उतरल्यासारखा उतरतो. शेजारच्या वच्छलाबाईंना ती नवसाची रीत वाटते आणि त्या मला येता-जाता हात जोडतात. मीही आशीर्वाद देतो, नाही म्हणायला तोंड नाही.

नवसाचं तुम्हाला माहीतच आहे. गेल्या पावसाळ्यात पोटाच्या ऑपरेशननंतर आमची कारभारीण नंदाबाई बाजेवरून उठेचना. मी भ्यालो होतो व्याहीबुवा, फार भ्यालो होतो. देवाला म्हटलं, हिला उठव, मी केदारनाथ पायी चढून येतो. (आमच्या शेतामागची टेकडीसुद्धा मी मोटारसायकलवर चढतो, पण घाबरलेला माणूस देवाशी बोलताना अंतर बघत नाही.) ती उठली, चांगली खडखडीत झाली, आणि माझी पंचाईत झाली. तांड्यातल्या मंडळींची गाडी निघालीच होती, त्यात आम्हीही बसलो.

तिच्यासाठी खेचर ठरवलं होतं. ते जनावर नेमकं दरीच्या काठाकाठाने चालायचं. पहिल्याच वळणावर ती खाली उतरली आणि कापूस वेचायला निघावी तशी पदर खोचून, मागे न बघता चालू लागली. मी तिच्या मागे, माझ्या मागे माझा श्वास. अर्ध्या वाटेत श्वास फारच मागे राहिला म्हणून एका दगडावर टेकलो. इतक्या दिवसांच्या राजमा-भातानंतर जीव नुसता झुणका-भाकरीसाठी तरसत होता. तेवढ्यात पाठीला मोठी टोपली लावलेला एक पहाडी गडी आला आणि आपुलकीने विचारू लागला, “बाबूजी, पिठ्ठू?”

आता सांगा, आपल्याकडच्या माणसाला यात काय ऐकू येईल? मला पिठलंच ऐकू आलं. देवभूमी म्हणतात ती हीच, असं वाटून डोळे भरून आले. हो म्हटलं. त्याने विचारलं, वजन कितना. मी म्हटलं, पावभर बस. तो माझ्या पोटाकडे बघून हसला. मी म्हटलं बरं, अर्धा किलो, पण गरम पाहिजे. त्याने टोपली खाली ठेवली. पिठलं कशात बांधलंय ते बघायला मी वाकलो, तर पोटरीत गोळा आला, आणि “याडी ये” अशी आईला हाक मारत मी बसलो तो थेट टोपलीतच. पिठ्ठू म्हणजे माणसं पाठीवर वाहून नेणारा, हे मला त्याच्या पाठीवर गेल्यावर कळलं.

उतरायचं फार मनात होतं, पण पाय ऐकेनात. आपल्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला. त्या लदेणीवाल्यांच्या वंशात स्वतःच माल झालेला मी पहिलाच असेन. तोंड मागे, पाय लोंबकळते, आणि माझी हाक ऐकून परत फिरलेली नंदाबाई मागून माझी काठी टेकत येत होती. ती वरपर्यंत हसत होती. मीही हसलो. पण देवळासमोर हात जोडले तेव्हा हसू आलं नाही. पायी येतो म्हणून शब्द दिला आणि आलो टोपलीतून. आता हिला पुन्हा काही झालं तर? हे मी तिला बोललो नाही. झोपेत ती कण्हली तरी उठून बसतो.

असो. सर्वांना यथायोग्य नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमचा,
भावसिंग

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. रविवारी तुम्ही ढाणकीत माझा सत्कार ठेवला आहे, आणि ‘पायी केदारनाथ यात्रा करणारे आमचे व्याही भावसिंग’ असा फ्लेक्स छापायला दिला आहे, असं रंजिताकडून कळलं. त्यातला ‘पायी’ हा शब्द तेवढा काढायला सांगा. कोणी कारण विचारलं तर छपाईची चूक म्हणा. देवापुढे एकदा खोटा पडलो, चौकात पुन्हा नको.

आणखी ता. क. : इवाईबुवा, मी नंदाबाई लिवून राह्यली. पाकीट चिटकवाच्या आधी म्या वाचलं. आता समजलं, हे रातच्याले उठून माह्या कपाळाले हात काहून लावतेत. मी वर पायी गेली, खाली पायी आली, ह्यायची काठी बी म्याच आणली. देवानं नवस फेडून घेतला, फक्त माणूस बदलला. फ्लेक्सवरचं ‘पायी’ राहू द्या. नाव तेवढं माहं टाका.