पेरूखालचा दगड

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
२० जानेवारी १९९७

तीर्थरूप आईस,

मंदाचा नमस्कार, घाईतला, पण पूर्ण वाकून. बाबांचा गुडघा कसा आहे? बिट्टन मार्केटात हिरवा हरभरा आलाय. तुझी सोलाण्याची आमटी करायला घेतली आणि करपवली. चित्त थाऱ्यावर नाही. लिहायला बसते, उठते, पुन्हा बसते.

पुस्तकाचं विचारलं होतंस. भोपाळच्या नवाब-बेगमांवर इतरांनी कपाटभर लिहून ठेवलंय. मी शोधतेय ती माणसं, ज्यांनी विटा वाहून बाबांच्या कारखान्याची वसाहत उभी केली. बाबा म्हणतील, नकाशे आम्ही काढले. काढलेत हो! पण भिंती? छत्तीसगडहून आलेली ती कुटुंबं अजून इंद्रपुरीमागच्या झोपड्यांत राहतात.

त्यांतल्या बिसाहिनबाईंना गेल्या महिन्यात मी आपल्या जुन्या क्वार्टरवर नेलं. घराकडे त्या बघेचनात. सरळ मागच्या अंगणात गेल्या आणि पेरूखाली, तुझ्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी बसल्या.

हो, तोच दगड. क्वार्टर पाडायच्या आत तो पुण्याला आण म्हणून तू लिहितेस आणि मी हवापाण्याचं लिहून विषय टोलवते.

आपण राहायला गेलो तेव्हा तो तिथे होताच. तू त्याला जागेवाला, त्या जागेचा राखणदार देव मानलंस. दर अमावास्येला दहीभात ठेवलास, माझ्या टायफॉइडात नवसही बोललीस.

आई, तो देव नाही. बांधकाम चालू असताना बिसाहिनबाईंचं तान्हं मूल तापानं गेलं. त्यांनी ते तिथेच पुरलं आणि खुणेला दगड ठेवला.

मी म्हटलं, चूक झाली आमची, माफ करा. त्यांनी माझा हात धरला.

"कैसी गलती, बिटिया? तुम्हारी अम्मा उसको दही-भात खिलाती थीं. मैं सड़क से देखकर चली जाती थी. सोचती थी, आज मेरा बच्चा भूखा नहीं सोएगा."

मी तिथेच रडले. तेव्हापासून पुस्तकाचं एक पान पुढे सरकलेलं नाही.

तुझा जीव त्या दगडात आहे, ठाऊक आहे मला. रागाव हवं तर, पण तो मी पुण्याला आणणार नाही. बिसाहिनबाई तो त्यांच्या झोपडीच्या दाराशी नेणार आहेत. त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं: अमावास्येचा भात.

तो आता मी करीन. तू त्यात आलं घालायचीस की नुसतं मीठ, ते मात्र आठवत नाही. लगेच कळव. त्याला तुझ्याच हातची सवय आहे.

तुझी,
मंदा