फुगा

सोमवार, ३ मार्च
हे सलूनमध्ये पडले. गिऱ्हाईकाची अर्धी दाढी झालेली, वस्तरा हातात. त्या गिऱ्हाईकानेच अँब्युलन्स येईपर्यंत यांची छाती दाबली. हॉस्पिटलात माझ्या शेजारी बसला होता — एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण वाळलेला. कुणाला हसूही आलं नाही.

आत छाती दाबणं चालूच. शॉक देऊन झाले. हृदय बंद ते बंद. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जांघेतून रक्तवाहिनीत बारीक नळी घालतेय. तिच्या टोकाला फुगा असतो. तो आत फुगवला की खाली पायांकडे जाणारं रक्त अडतं. छाती दाबून जेवढं निघतंय, तेवढं हृदयाला आणि मेंदूला मिळतं. आम्ही इथे हे फार वेळा केलेलं नाही."
मी म्हटलं, घाला. दुसरं काय म्हणणार होते?
हृदय चालू झालं. फुगा रिकामा केला, नळी काढली.

मंगळवार, ४ मार्च
शुद्ध नाही.

बुधवार, ५ मार्च
नर्सने उजवा पाय चाचपला, दुसरीला बोलावलं. पाय दगडासारखा थंड. नळी गेली त्याच वाटेत गुठळी झाली म्हणे. काढायला नेलं. पाय काही गरम झाला नाही. मी विचारलं, मोजा घालू का? "घाला, ताई," नर्स म्हणाली. उपयोग नाही हे तिलाही ठाऊक होतं.

गुरुवार, ६ मार्च
पाय काळा पडतोय. गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर जीवच जाईल.
भाऊजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जन्मभर उभ्याने काम केलं दादाने. वहिनी, जागा झाला तर काय सांगायचं त्याला?"
जागे झाले तर.
डॉक्टरीणबाईंना विचारलं, फुगा घातला नसता तर?
"पाय राहिला असता," म्हणाल्या. पुढचं बोलल्या नाहीत. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. पण त्यांचेच डोळे सुजलेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सही केली. माझी वाटत नव्हती.

शुक्रवार, ७ मार्च
पाय काढला. ऑपरेशन नीट झालं म्हणतात. नीट!

मंगळवार, ११ मार्च
यांनी डोळे उघडले. दुपारी घशातली श्वासाची नळी काढली. मला नावाने हाक मारली, घोगऱ्या आवाजात. मग म्हणाले, "उजव्या तळव्याला खाज सुटलीय गं. खाजव जरा."
चादर तिथे सपाट होती. मी तिच्यावर नखं फिरवली.
"अजून खाली."
अजून खाली फिरवली.
"हं. आता बरं वाटलं."