भाकरीनं गप्प झालेला पहारा

आबा, तुम्ही गेल्यापासून हे लिहायचं टाळतोय. कधी पेन सापडत नाही, कधी ट्रक निघायचा असतो, कधी नुसताच तुमचा राग येतो आणि मी चहाला निघून जातो. आज धुळ्यात गाडी गॅरेजला लागलीय, मी वरच्या खोलीत रिकामा बसलोय. खाली कुणीतरी शेवभाजीला फोडणी दिलीय आणि माझं लक्ष तिकडेच जातंय. पण आज लिहितोच.

जळगावच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, अक्का तुमच्या उशाशी उभी होती. तिच्यासमोर तुम्ही मला म्हणालात, "तुना पायी मनं रगत नासनं." म्हणजे पोरगा शाळा सोडून ट्रकवर हिंडतो, त्या घोरानं बापाला रक्ताचा कॅन्सर झाला. अक्कानं ते खरं धरलं. तुमच्या दहाव्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या दारात पाय ठेवू नको." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. एकुलती एक बहीण. तुम्ही एक वाक्य टाकून मोकळे झालात, आणि मी ते नाशिकपासून नागपूरपर्यंत वाहतोय.

तांबडा कुत्रा आठवतो? यावलच्या केळीच्या बागेत तुम्ही राखणदार, आणि तो तुमच्याहून कडक. कापणीची टोळी आली की तिच्याही अंगावर जायचा. म्हणून तुम्हीच रीत लावलीत: मुकादमानं बांधावर भाकरीचा तुकडा द्यायचा, कुत्र्यानं तो खाऊन खाली बसायचं, मग टोळीनं आत शिरायचं. टोळीतल्या बाया हसायच्या, "आबा, तुमना कुत्रा शे का कंडक्टर? तिकीट लिसनच आत सोडस!" तुम्हीही मिशीत हसायचात. तुम्ही हसलेले मला फारसे आठवत नाहीत, म्हणून हे लिहिलं.

मग एका बाजारच्या दिवशी तुम्ही गावात गेलात आणि कुणीतरी भाकरी टाकून भरदिवसा घड कापून नेले. तुम्ही परत आलात तेव्हा कुत्रा बांधावर बसलेला होता, तुम्ही शिकवलं होतं अगदी तसा. तुम्ही काठी उचललीत. मी मधे पडलो तर मलाही एक बसली. कुत्रा लंगडत रस्त्याला लागला तो परत आलाच नाही. चोर कोण, हे तुम्ही शोधलंसुद्धा नाहीत!

आता आमच्या उस्तादला, म्हणजे ज्यांच्या ट्रकवर मी क्लीनर आहे त्यांना, तुमचाच आजार निघालाय. परवा इथल्या डॉक्टरबाईंना ते म्हणाले, "बाई, अंगात एवढे शिपाई असतात म्हणता, मग ते काय पत्ते खेळत होते?" बाई हसल्या. म्हणाल्या, आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशींनी आपल्याच अंगाला खाऊ नये म्हणून शरीरानंच त्यांना आवरणारे रेणू ठेवलेले असतात. तो रेणू समोर आला की पहारेकरी हात आवरतो. कॅन्सरची पेशी तेच रेणू आपल्या अंगावर आणते, काही आजूबाजूलाही सोडते. पहारेकरी जवळ येतो आणि गप्प बसतो. तिकडे ती वाढत राहते. या रेणूंना अडवणारी औषधं आहेत, पण रक्ताच्या प्रत्येक कॅन्सरला ती लागू पडत नाहीत.

मी ऐकत होतो आणि मला बांध दिसत होता. भाकरी दिसत होती. मी विचारलंच, "पोराच्या काळजीनं होतं का हे?"

"कुणी सांगितलं तुला?" बाई म्हणाल्या. "पोरगा भटकतो म्हणून कुणाला ब्लड कॅन्सर होत नाही."

"झाला असता तर आमच्या ट्रकच्या लाइनीत एकाचाही बाप वाचला नसता," उस्ताद म्हणाले.

सगळे हसले. मी बाहेर येऊन भिंतीला लाथ मारली. अंगठा अजून ठणकतोय. आबा, चोर तुमच्याच रीतीनं आत शिरला होता, दोन्ही वेळा. आणि दोन्ही वेळा तुम्हाला झोडपायला जवळचं कुणीतरी लागलं. कुत्र्याला निदान बोलता येत नव्हतं. मला येत होतं, तर तुम्ही दवाखान्यात भिंतीकडे तोंड फिरवलंत. मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही, हा काय न्याय आहे?

तुम्ही खोटे ठरलात म्हणून बरं वाटेल असं वाटलं होतं. तेवढं काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

खालून गॅरेजवाला हाका मारतोय. खिडकीतून बघितलं तर जिन्याशी अक्का उभी आहे. आमचं भांडण उस्तादला ठाऊक आहे; त्यांनीच तिला फोन केला असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही. वर बघून म्हणतेय, "अरे, येऊ का नको ते तरी सांग." हातात फडक्यात बांधलेली भाकरी आहे. भाकरीवर मी गप्प बसणार नाही, आबा. आधी तिला सगळं सांगणार.

भूक मात्र लागलीय.