तिहा पडली, एवढंच लिहिलं आहे

१२ जानेवारी

घडलं ते असं:

१. डिसेंबरात ‘धुक्यावरचे मजले’ या कादंबरीच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा चौथा संग्रह निघाला. त्यात माझी कथा नाही.
२. तिसऱ्यात नव्हती. दुसऱ्यातही नव्हती.
३. पहिल्याच्या वेळी मी पाठवलीच नव्हती. ते धरायचं नाही.
४. काल पाचव्यासाठी कथा मागवल्या.
५. याबद्दल मला काहीही वाटत नाही.

यंदा पाठवणार आहे, ते केवळ कादंबरीतल्या तांत्रिक चुका कुणीतरी दुरुस्त करायला हव्यात म्हणून. इथे बल्गेरियात, आमच्या प्लोवदिव शहरात, ही कादंबरी न वाचलेला माणूस सापडणं कठीण. एके दिवशी विषारी धुकं येतं आणि आठव्या मजल्यापर्यंत चढून तिथेच थांबतं. आमच्या त्राकिया वस्तीतल्या इमारतींत नवव्यापासून वर जी बाराशे माणसं असतात, तेवढी वाचतात. गच्चीवर पावसाचं पाणी साठवतात, बाल्कनीत टोमॅटो लावतात, एका इमारतीतून दुसरीत दोरीवरून जातात. माझ्याकडची ही तिसरी प्रत. आधीच्या दोनांची पानं सुटी झाली. मी ती संदर्भासाठी ठेवते.

१८ जानेवारी

संकल्प. कथा छोटी. माणसांबद्दल. निदान एक संवाद. चाहत्यांच्या मंडळाच्या पंधरा फेब्रुवारीच्या बैठकीत वाचायची.

दोन वर्षांपूर्वी राश्कोदादाने (संपादक, वयाने मोठा, म्हणून सगळे दादा म्हणतात) माझ्या कथेबद्दल म्हटलं होतं, अगं, यात लिफ्ट सोडून कुणी बोलतच नाही. त्या कथेत लिफ्टही बोलत नव्हती, फक्त तिचा ब्रेक वाजत होता. पण मुद्दा नोंदवला आहे.

२६ जानेवारी

संवादाच्या आधी पाण्याचा हिशोब एकदा बघून घ्यावा म्हटलं. गच्चीचं क्षेत्रफळ, आपल्याकडचा पाऊस, माणसं. पुरत नाही.

कुठेतरी चुकलं असेल. संवाद उद्या.

२ फेब्रुवारी

चुकलेलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात सगळे मरतात. कादंबरी सुरू होते नवव्या वर्षी.

हा माझा दोष नाही.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

कथा पूर्ण. चौदा पानं, तीन तक्ते. संवाद आहे: पाणी संपलं, इवान म्हणाला. त्यानंतर इवान मरतो. प्रसंग परिणामकारक झाला आहे. शेजारच्या गिनामावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, बिचारा. मग म्हणाली, आपल्या लिफ्टचं काय झालं, चार दिवस माझ्या भाज्या खालीच पडल्यात. मी लिफ्टची इंजिनियर आहे हे तिने इमारतीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आमची लिफ्ट माझ्या कंपनीकडे नाही, हे मी तिला दर आठवड्याला सांगते.

१५ फेब्रुवारी

वाचली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, नेहमीचे वीस-पंचवीस मजलेकरी, म्हणजे आम्ही चाहते. संपल्यावर पूर्ण शांतता. असा प्रतिसाद आजवर कुणाच्याच कथेला मिळालेला नाही.

मग राश्कोदादा म्हणाला, इंजिनियर बाई, तू सगळ्यांना मारलंस.

मी म्हटलं, मी नाही, तुटवड्याने.

तो म्हणाला, अगं पण पहिल्या पानाच्या सात वर्षं आधी! मग आम्ही चार संग्रह छापले ते कुणाबद्दल? भुतांबद्दल?

मागून कुणीतरी विचारलं, मृत्यूच्या नोटिसांचं काय करायचं? आमच्या मंडळाची रीत आहे. गावात कुणी गेलं की दारावर नोटीस चिकटवतात, तशी संग्रहात जो मरतो त्याचीही प्रकाशनाच्या दिवशी वाचनालयाच्या दारावर लावायची. चाळिसाव्या दिवशी पुन्हा. बाराशे नोटिसा लावायच्या तर दार पुरणार नाही, भिंतच लागेल, असं ठरलं. कामेन म्हणाला, दाराचं जाऊ द्या, गेलेल्याच्या नावाने वाटायचे गहू बाराशे जणांसाठी कोण उकडणार? सगळे हसले. विनोद मापात होता.

कामेन म्हणजे दातांचा डॉक्टर. चारही संग्रहांत आहे. त्याच्या कथांत लोक दोरीवर मध्येच थांबून सूर्यास्त बघतात. एवढ्या वेळात हाताला पेटके येतात, हे मी त्याला लेखी कळवलं आहे.

जिन्यात त्याने विचारलं, तिहा, त्या जगात तू कुठल्या मजल्यावर राहतेस?

मी सांगितलं, मी तिथे राहत नाही. तिथे कुणीच राहत नाही, तेच तर आत्ता वाचलं. मग कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणातली दोरीची गाठ का सुटेल आणि कुठली टिकेल ते समजावलं. जरा वेळ लागला. खालचे दिवे मालवून राश्कोदादा हाका मारायला लागला तेव्हा थांबले. कामेनने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. धंद्यात ते काम समोरच्याचं असतं, म्हणून असेल.

माझं नाव तिहोमिरा. तिहा मला कुणी म्हणत नाही. तो म्हणतो. दुरुस्त करायचं राहून गेलं.

१ मार्च

आज सगळे एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतात. करकोचा दिसला किंवा फुललेलं झाड दिसलं की सोडायचा. मी हे करत नाही. कामेनने बांधला. गाठ तपासली. मी जिन्यात सांगितली होती तीच, आणि बरोबर.

ठेवला आहे. किती टिकते ते बघायला.

८ मार्च

राश्कोदादाचा फोन. म्हणाला, माझे आई, एक तरी जिवंत ठेव. एक! मांजर चालेल. वीस तारखेपर्यंत मुदत देतो.

हा जवळजवळ होकारच आहे. मागच्या तीन वेळा त्याने फोन केला नव्हता.

१६ मार्च

पहिला प्रयत्न: एक म्हातारी ठेवली. जिना चढउतार करता करता गेली.
दुसरा: नवरा-बायको. त्यांना मूल झालं. तिघांना पाणी पुरत नाही.
तिसरा: एकटा माणूस. पाणी मुबलक. पण दोरीच्या पलीकडच्या टोकाला धरायला कुणी नाही. तो नुसता बसून राहिला. दोन पानं बसून राहिला. मग मीच थांबवलं.
मांजर: हिशोबात धरता येत नाही.

२० मार्च

कथा होती तशीच पाठवली. सोबत परिशिष्ट: एकही जण का वाचू शकत नाही. राश्कोदादाला हे पटेल. समजूतदार माणूस आहे.

१२ एप्रिल

निवडलेल्या कथा जाहीर झाल्या. माझी नाही. कामेनची आहे.

सुटल्यासारखं वाटलं. आता वेळच वेळ. संध्याकाळी कपाट आवरलं. तिन्ही प्रती खालच्या कप्प्यात टाकल्या. मग वरच्या कप्प्यात ठेवल्या, खाली ओल येते.

टीप: वस्तीतली बदामाची झाडं फुललीत असं लोक म्हणतात. पाकळ्या पूर्ण उघडलेल्या नाहीत. दोरा सोडण्याइतका पुरावा नाही.

९ मे

उद्या प्रकाशन. जाणार नाही.

१० मे

वाचनालयाची लिफ्ट बऱ्याच दिवसांत कुणी पाहिली नसेल, म्हणून गेले. वाचनालयाला लिफ्ट नाही. तेही एकदा बघून घेतलेलं बरं.

दारावर पाच नोटिसा. काळी चौकट, खाली बारीक अक्षरात प्रकाशनाची जागा आणि दिवस. चार जण ओळखीचे, आधीच्या संग्रहांतले. पाचवी:

तिहा. गाठी तपासणारी. अकरावा मजला, वय एकोणतीस. शोकाकुल: पलीकडची इमारत.

फोटोच्या जागी लिफ्टचं बटण.

मी एकोणतीस वर्षांची आहे, राहते अकराव्या मजल्यावर. असे योगायोग घडतात.

पुस्तक घेतलं. कामेनची कथा दाराशीच उभी राहून वाचली. तिहा रोज सकाळी सगळ्यात आधी दोरीपाशी जाते आणि गाठ तपासते, मग मुलं पलीकडे शाळेत जातात. कुणाशी फारसं बोलत नाही. लोक तिला टरकून असतात. पण तिने मान हलवल्याशिवाय एकही जण दोरीला हात लावत नाही. एका सकाळी गाठ सुटायला लागते. ती तशीच धरून ठेवते, शेवटचं मूल पोचेपर्यंत. मग वाक्य आहे: तिहा पडली.

बाकी कथेत पकडलेल्या गोष्टी: गाठ का सुटते ते बरोबर. हाताच्या पेटक्यांचा उल्लेख आहे. सूर्यास्त नाही.

आत कामेन हीच कथा वाचत होता. पुढच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. राश्कोदादासुद्धा. त्या खोलीत धूळ फार आहे. मलाही त्रास झाला. कामेनने मला पाहिलं आणि वाचता वाचता ओळ चुकला. मी आत गेले नाही. पुस्तकाचे पैसे दिले होते, थांबायचं कारण नव्हतं.

११ मे, सकाळ

मंडळाने काल जाहिरात म्हणून एकेक नोटीस त्राकियातल्या काही इमारतींच्या दारांवर लावली. माझी माझ्याच इमारतीला आली. नावाखालचं बारीक कुणी वाचत नाही.

आठ वाजता बेल. दारात गिनामावशी, काळा रुमाल, हातात भांडं. आत उकडलेले गहू, वर पिठीसाखर. मला बघून म्हणाली, अगं बये, तू आहेस! मग थोडी रागावली. म्हणाली, रात्रीपासून भिजत घातले होते, आता काय करू त्यांचं? मी खाली सगळ्यांना सांगून बसले, पोरगी जरा तुसडी होती पण मनाची चांगली होती. आता परत घेऊ का ते?

मी म्हटलं, पहिला भाग घ्या.

ती म्हणाली, बरं, खाऊन घे, तुझ्याच नावाचे आहेत.

खाल्ले. दोन वाट्या. साखर थोडी जास्त होती.

१२ मे

ऑफिसात बसून तपासलं. ‘पडली’ एवढंच लिहिलं आहे. मेली असं कुठेही नाही. नोटीस लावण्याची घाई झाली. मंडळाच्या कामात ही ढिलाई मी पूर्वीपासून बघते आहे.

दोरी अकराव्यावर बांधलेली. गाठ भिंतीपासून हातभर. म्हणजे ती सरळ खाली, नवव्याच्या बाल्कनीवर जाते, धुक्याच्या वर. तिथे कादंबरीच्या पाचव्या प्रकरणाप्रमाणे टोमॅटोचा मांडव आहे, जाळीसकट. वेल दाट असतील तर हात मोडेल, फार तर बरगडी. वेल दाट असायला त्यांना रोज पाणी हवं.

पाणी पुरतं असं धरलं आहे.

१३ मे

मेलचा मसुदा. आज पाठवायचा.

कामेन,

पाचव्या संग्रहातल्या तुझ्या कथेबाबत. सोबत एक पान आकडेमोड आहे. त्याप्रमाणे तिहा वाचू शकते. पाण्याबद्दलचं माझं आधीचं परिशिष्ट या कामापुरतं बाजूला ठेवावं.

गाठ बरोबर होती. मजलाही. जिन्यात विचारलं होतंस तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं.

दोरा अजून टिकून आहे. करकोचा दिसला, पण लांबून.

चाळिसाव्या दिवसाची नोटीस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात छापायला जाईल. त्याआधी ठरायला हवं. तिहा जिवंत आहे की नाही, ते कृपया १४ जूनपर्यंत कळव.

तिहा