इंजिन पाठीमागे

शॉमबर्ग, अमेरिका, रविवार, जून १९८६

आज माझ्या नातीच्या, मीनलच्या गाडीची पूजा. इटलीची जुनी लाल रेसिंगवाली, तिने स्वतः खोलून जोडलेली. कुंकू लावायला पुढचं झाकण उघडलं, तर आत इंजिनच नाही!

"ओ आजी, इंजिन सीटांच्या मागे असतं!" वजन मध्ये आलं की वळणावर गाडी पटकन वळते म्हणे. काय डोकं त्या लोकांचं! मग मागे जाऊन कुंकू लावलं.

सीटा दोनच. पहिली चक्कर माझी ठरलेली. पण पोर डॉक्टर झाली नाही म्हणून वर्षभर रुसलेला तिचा बाप, माझा बाळ्या, दारातूनच बघत होता. म्हटलं, "माझे गुडघे दुखतायत, तू बस."

परत आले तरी उतरेचना. "आई, अजून एक चक्कर मारतो."

गुडघे ठणठणीत आहेत माझे. पण ढकलणारं इंजिन मागेच असतं, बाई!