दोनदा येणारी शीळ

५ मे

ऑरिनची शीळ ऐकली. आज, भर सकाळी, माळावर, सगळ्यांदेखत!

माझा नवरा गेल्यानंतरची ही माळ दाखवायची पहिली फेरी. निम्मी माणसं गावातली, निम्मी शहरातून पांढरे बूट घालून आलेली. पुढे मी. जमिनीलगतची जांभळी फुलं दाखवत होते, आणि डॉगवुडच्या झुडपांच्या जाळीकडून शीळ आली – दोन आखूड, तिसरी लांब, टोकाशी फाटकी. पुढचा दात अर्धा तुटलेला, म्हणून त्याची शीळ फाटायची. अगदी तशीच. अर्थ एकच – असाल तिथून परत या.

जुनी माणसं वळलीसुद्धा! माझी मैत्रीण डोडी, मागे रेंगाळणारे लुंडक्विस्ट नवरा-बायको, सगळे मुकाट जाळीकडे चालायला लागले. चार पावलांनी डोडी थबकली. "वर्ना, मला भ्रम व्हायला लागलाय का गं?" म्हटलं, "तुला झाला असेल तर मलाही झालाय." नव्या माणसांना काहीच कळलं नाही. ती फोटो काढत होती.

६ मे

झोप नाही.

७ मे

एकटीच जाळीपर्यंत जाऊन आले. लांब नाही. रस्ता ओलांडला की माळच, स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाळी दिसते. नोव्हेंबरात ऑरिन तिथेच सापडला – पालथा, हातात छाटणीची मोठी कात्री. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्याला कळलंही नसेल. मी मान डोलावली. पण त्या दिवशी वारा उलटा होता. घराकडून माळाकडे. त्याने शीळ घातली असती तरी मला ऐकू आली नसती. घातली होती का, हे कोण सांगणार?

११ मे

उलगडा झाला. टेस – माळ राखणाऱ्या आमच्या मंडळाची पक्षीवाली पोरगी – दुर्बीण घेऊन आली आणि पाच मिनिटांत हसायला लागली. "वर्ना, हा थ्रॅशर पक्षी! पक्का नकल्या." तांबूस पाठ, पिवळे डोळे, जाळीच्या शेंड्यावर बसलेला. "आता नीट ऐका. तो प्रत्येक सूर दोनदा काढतो. तीच त्याची खूण."

ऐकलं. खरंच! शीळ, लगेच पुन्हा शीळ. मग कुठल्याशा दुसऱ्या पक्ष्याची किरकिर, तीही दोनदा. ऑरिन वर्षानुवर्षं तिथे बसून कॉफी प्यायचा आणि फेरीतल्या माणसांना बोलवायचा. ते ऐकून शिकला मेला पक्षी.

हायसं वाटलं. घरी येऊन रडले. ऑरिनने शीळ कधी दोनदा घातली नाही. म्हणायचा, "गुरं आहेत का ती, पुन्हापुन्हा बोलवायला?"

२ जून

रोज जाते. घडीची खुर्ची, थर्मास. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

मला शीळ कधी जमली नाही. त्याची ऐकली की मी नुसती ओरडायची – "आले रे, आले!" काल पक्ष्याला तेच म्हटलं, हळूच. जाळी गप्प झाली. पानसुद्धा हलेना. इतका वेळ, की शेवटी मीच उठले आणि मागे न बघता घरी आले. खुर्ची तिथेच राहिली.

१४ जून

रोपं ओळखायची कार्यशाळा. शेवटी टेसने सांगितलं – सप्टेंबरात, पिल्लं उडाली की, जाळी काढायची. डॉगवुड दर वर्षी माळ गिळत चाललाय, माळावरचे मेडोलार्क पक्षी त्या बाजूला फिरकेनासे झालेत. नवीन काही नाही. ऑरिननेच हा घोशा लावला होता. गेला तोही तीच जाळी छाटताना.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोडी कानाशी लागली, "तू नुसतं नको म्हण. तुझ्यापुढे कोण कात्री उचलतंय?" खरं आहे. इतकी वर्षं शाळेची बस चालवली, खोलीतले निम्मे माझी दटावणी खाऊन वाढलेत. म्हटलं, बघू.

३० ऑगस्ट

जाळी ठेवली तर पुढच्या वसंतात त्याचा आवाज परत येईल. काढली तर त्याचा माळ वाचेल. दोन्ही त्याचंच, आणि निवडायचं मी! मेल्यावरही मलाच कामाला जुंपतोय.

आज खुर्ची आणायला गेले. जाळीकडे तोंड करून ठेवली होती, ती आता घराकडे तोंड करून होती. वाऱ्याने फिरली असणार. हरणांचाही धक्का लागतो.

२० सप्टेंबर

कापली.

पहिली फांदी मीच तोडली, त्याच्याच कात्रीने. मग सगळे भिडले. पुन्हा फुटू नयेत म्हणून खुंटांना औषध लावून झालं, डोडीने रुबार्बच्या वड्या वाटल्या. दुपारपर्यंत सगळं मोकळं. पलीकडचा माळ दिसायला लागला, पार आभाळ टेकतं तिथपर्यंत. डोडी म्हणाली, "ऑरिन असता तर म्हणाला असता, खुंट फार उंच ठेवलेत." हसलो. मग दोघीही रडलो. पोरांनी दुसरीकडे बघितलं.

९ ऑक्टोबर

टेस सांगत होती, थ्रॅशर दक्षिणेला गेले, आता एप्रिलपर्यंत इथे एकही नसतो. घर फार शांत आहे. केलं ते बरोबरच केलं. पण ऑरिनची आठवण येते, आणि त्या पक्ष्याचीही येते.

१८ जानेवारी

सकाळपासून हिमवादळ. बी निवडायची कार्यशाळा रद्द. डोडीचा फोन – "टपालपेटीपर्यंतसुद्धा जाऊ नकोस हं! या पांढऱ्यात माणूस आपल्याच अंगणात हरवतो." बरं म्हटलं. खिडकीतून रस्तासुद्धा दिसत नाही. सूप ठेवलंय.

१८ जानेवारी, दुपारी

शीळ आली. माळाकडून. दोन आखूड, तिसरी लांब, टोकाशी फाटकी.

गॅस बंद केला. दुसरी येईल म्हणून खिडकीशी उभी राहिले, सूप गार होईपर्यंत.

एकदाच आली.

आज वारा तिकडून इकडे आहे. बूट घातलेत. आले रे, आले!